महिला बुद्धिबळ जगज्जेतेपदाचा इतिहास कसा अभ्यासावा

महिला बुद्धिबळातील जगज्जेत्या खेळाडूंची यादी पाठ करायला फार वेळ लागत नाही. १९२७ मध्ये पहिल्यांदा विजेती ठरलेल्या वेरा मेंचिकपासून २०२५ मध्ये किताब राखणाऱ्या जू वेनजूनपर्यंत अवघी १७ नावे आहेत आणि ती कोणत्याही संदर्भग्रंथात ओळीने मिळतात. अडचण पाठांतराची नाही. ही सर्व नावे एकाच प्रकारच्या यशाची आहेत असे यादी पाहून वाटते, आणि तसे ती मुळीच नाहीत. यांपैकी कोणी साखळी स्पर्धेत पहिली आली, कोणी विद्यमान जगज्जेतीला महिनाभर चाललेल्या समोरासमोरच्या लढतीत हरवले, तर कोणी ६४ खेळाडूंच्या बाद स्पर्धेत शेवटपर्यंत तग धरला. एकाच किताबाखाली तीन वेगवेगळ्या कसोट्या दडलेल्या आहेत. म्हणून या इतिहासावर लेख लिहायचा असो, प्रश्नमंजूषा तयार करायची असो, विद्यार्थ्यांना शिकवायचे असो किंवा केवळ स्वतःच्या समाधानासाठी वाचायचे असो, कोणत्याही वर्षाच्या विजेतीचे नाव वाचताना आणखी दोन गोष्टी विचारण्याची सवय लावून घ्यावी: त्या वर्षी किताब कोणत्या पद्धतीने ठरला, आणि त्या वेळी पटावर कोण नव्हते?

आधी तक्ता आखावा

वही घ्यावी किंवा संगणकावर कोष्टक उघडावे आणि त्यात वर्ष, ठिकाण, पद्धत, त्या वेळची विद्यमान जगज्जेती, गुणसंख्या आणि गैरहजर खेळाडू असे सहा रकाने करावेत. बहुतेक तयार याद्यांमध्ये तिसरा आणि सहावा रकाना नसतो, आणि नेमके तेच दोन रकाने पुढे सर्वाधिक उपयोगी पडतात.

वर्षाचा रकाना भरतानाही थोडी सावधगिरी हवी. मॉस्कोतील महायुद्धोत्तर स्पर्धा १९४९ च्या डिसेंबरात सुरू होऊन १९५० च्या जानेवारीत संपली, त्यामुळे ती कुठे १९४९ ची तर कुठे १९५० ची म्हणून नोंदलेली आढळते. २०१८ या एकाच वर्षात जगज्जेतेपद दोनदा पणाला लागले: मे महिन्यात समोरासमोरच्या लढतीत आणि नोव्हेंबरात बाद स्पर्धेत. हे ठाऊक नसेल तर एक नोंद हमखास गळते.

देशाचा रकाना मी मुद्दामच सुचवलेला नाही, कारण या इतिहासात तो फसवा आहे. मेंचिकचा जन्म मॉस्कोचा, वडील चेक, आई इंग्रज, वास्तव्य इंग्लंडमध्ये, आणि बहुतेक स्पर्धांत ती चेकोस्लोव्हाकियाकडून खेळली. १९३९ मध्ये मात्र तिच्या नावापुढे इंग्लंड लिहिले गेले. मूळची जर्मन असलेली सोन्या ग्राफ १९३९ च्या ब्यूनस आयर्स स्पर्धेत कोणत्याही देशाच्या ध्वजाखाली न खेळता ‘लिब्रे’, म्हणजे स्वतंत्र, या नावाखाली खेळली आणि दुसरी आली. २००८ ची जगज्जेती अलेक्झांड्रा कोस्तेन्युक तेव्हा रशियाची होती, आता ती स्वित्झर्लंडकडून खेळते. देश लिहायचाच असेल तर तो त्या स्पर्धेपुरता लिहावा, खेळाडूच्या नावाला कायमचा चिकटवू नये.

नावांच्या बाबतीत एक लेखन ठरवून ते शेवटपर्यंत पाळावे. चिनी नावांत आडनाव आधी येते, म्हणून शिए जून हिचे आडनाव शिए आणि हौ यिफानचे हौ. विवाहानंतर बदललेली आडनावेही जुळवून घ्यावी लागतात. १९८६ ची आव्हानवीर येलेना अख्मिलोव्स्काया पुढे अमेरिकेच्या संघनायकाशी लग्न करून तिकडे गेली आणि नंतरच्या निकालांत वेगळ्या आडनावाने दिसू लागली.

मेंचिकचा काळ: आकडे स्वतः जुळवून पाहावेत

जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झाला. १९२७ मध्ये लंडनला पहिले ऑलिम्पियाड, म्हणजे देशोदेशीच्या संघांची स्पर्धा, भरले आणि त्याच्या जोडीलाच महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेण्यात आली. अभ्यास येथूनच सुरू करणे सोयीचे असले, तरी महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा याआधीही झाल्या होत्या हे ध्यानात ठेवावे. १८९७ मध्ये लंडनलाच झालेल्या मोठ्या महिला स्पर्धेत मेरी रज हिने १९ पैकी १८ डाव जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. मात्र त्या स्पर्धेला फिडेचा शिक्का नाही, कारण तेव्हा फिडेच अस्तित्वात नव्हती. तिची नोंद तक्त्याबाहेर ठेवावी.

१९२७ ते १९३९ या काळात सात स्पर्धा झाल्या आणि सातही मेंचिकने जिंकल्या. तिच्याविषयीच्या प्रत्येक लेखात ७८ विजय, ४ बरोबरी आणि १ पराभव असा आकडा येतो. असा आकडा उतरवून न घेता एकदा स्वतः जुळवून पाहण्यात फार फायदा आहे. लंडन १९२७ मध्ये तिला ११ डावांत १०.५ गुण मिळाले. हॅम्बर्ग १९३० मध्ये ८ पैकी ६.५. पुढच्या चार स्पर्धांत, म्हणजे प्राग १९३१, फोकस्टन १९३३, वॉर्सा १९३५ आणि स्टॉकहोम १९३७ येथे, तिने अनुक्रमे ८, १४, ९ आणि १४ असे सर्वच्या सर्व डाव जिंकले. ब्यूनस आयर्स १९३९ मध्ये १९ पैकी १८. डावांची बेरीज ८३ आणि गुणांची बेरीज ८०. विजयाचा एक आणि बरोबरीचा अर्धा गुण धरला की ७८ अधिक २ म्हणजे बरोबर ८०. आकडा जुळला.

या बेरजेतून आणखी दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की तो एकमेव पराभव हॅम्बर्गचा आहे आणि ती स्पर्धा अवघ्या पाच खेळाडूंची दुहेरी साखळी होती. म्हणजे मेंचिकचे वर्चस्व सर्वांत कमी ठळक दिसते ते सर्वांत छोट्या स्पर्धांपैकी एकीत. दुसरी गोष्ट अशी की या ८३ डावांत १९३७ मध्ये सेमेरिंग येथे सोन्या ग्राफविरुद्ध झालेल्या लढतीचे डाव धरलेले नाहीत. ती लढत जगज्जेतेपदासाठीच खेळली गेली आणि मेंचिकने ती ११.५–४.५ अशी जिंकली, पण काही याद्यांत ती असते आणि काहींत नसते. एका लेखात मेंचिकची जगज्जेतेपदे सात आणि दुसऱ्यात आठ दिसली, तर दोन्हींपैकी एक चूक असेलच असे नाही. लेखकाने सेमेरिंग धरले की वगळले, एवढाच तो फरक आहे. आपल्या तक्त्यात ती लढत लिहावी आणि पद्धतीच्या रकान्यात स्पर्धेबाहेरील लढत अशी नोंद करावी.

या काळातला सर्वांत लोकप्रिय किस्सा म्हणजे ‘वेरा मेंचिक क्लब’. १९२९ च्या कार्ल्सबाड स्पर्धेत मेंचिकला प्रवेश मिळाल्यावर आल्बर्ट बेकर या व्हिएन्नाच्या खेळाडूने थट्टा केली की, जो तिच्याकडून हरेल त्याला या क्लबचे सदस्यत्व द्यावे. पहिला सदस्य स्वतः बेकरच ठरला. पुढे १९३५ मध्ये पुरुषांचा जगज्जेता झालेला मॅक्स यूवे तिच्याकडून हेस्टिंग्जच्या स्पर्धांत दोनदा हरला. किस्सा खरा आहे आणि सांगावा असाही आहे, पण त्याच कार्ल्सबाड स्पर्धेत मेंचिक २१ डावांत ३ गुण मिळवून शेवटची आली, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या काळातील जगातल्या अव्वल खेळाडूंशी सलग २१ डाव खेळून शेवटची येणे आणि महिलांच्या स्पर्धेत १४ पैकी १४ गुण मिळवणे, ही दोन्ही त्याच खेळाडूची खरी मापे आहेत. महिला बुद्धिबळ तेव्हा किती थोड्या खेळाडूंपुरते मर्यादित होते, हे या दोन आकड्यांच्या मधल्या दरीतून समजते.

रिकामी गादी आणि मॉस्कोची स्पर्धा

जून १९४४ मध्ये लंडनवर पडलेल्या उडत्या बॉम्बने मेंचिक, तिची आई आणि बहीण ओल्गा यांचा बळी घेतला. ती जगज्जेती असतानाच गेली, त्यामुळे तिला कोणी हरवून किताब मिळवला असे कधी झालेच नाही. तक्त्यात १९४४ ते १९५० ही ओळ रिकामी म्हणूनच लिहावी.

मॉस्कोत १६ खेळाडूंची एकेरी साखळी झाली आणि ल्युद्मिला रुदेंको १५ पैकी ११.५ गुण मिळवून विजेती ठरली. तेव्हा ती ४५ वर्षांची होती. पुढे १७ आणि १६ वर्षांच्या जगज्जेत्या आपल्याला भेटणार आहेत, म्हणून वयाची नोंद येथे करून ठेवावी. मेंचिकच्या गुणांशी या ११.५ गुणांची तुलना करून रुदेंकोला कमी लेखण्याचा मोह मात्र टाळावा. १६ जणींच्या त्या गटात तुल्यबळ सोव्हिएत खेळाडू अनेक होत्या आणि त्यांचे आपसातले डावच गुण खाली आणत होते. विजेतीचे गुण घसरणे हे अशा वेळी स्पर्धेचा दर्जा वाढल्याचे लक्षण असते.

लढतींची पन्नास वर्षे

१९५३ पासून किताब पुरुषांप्रमाणेच समोरासमोरच्या लढतीत ठरू लागला. आव्हानवीर निवडण्यासाठी स्वतंत्र स्पर्धा झाली, ती एलिझावेता बिकोवाने जिंकली आणि मग रुदेंकोला ८–६ असे हरवून ती जगज्जेती झाली. या काळाचे वाचन सर्वांत सोपे आणि सर्वांत रंजक आहे, कारण नवी जगज्जेती जुनीला हरवूनच होते आणि दोघींच्या गुणांची बेरीज म्हणजे खेळलेल्या डावांची संख्या असते.

एक अपवाद सुरुवातीलाच येतो. १९५६ मध्ये जगज्जेती बिकोवा, आव्हानवीर ओल्गा रुब्त्सोवा आणि माजी जगज्जेती रुदेंको अशा तिघींमध्ये किताब लावण्यात आला. रुब्त्सोवाला १०, बिकोवाला ९.५ आणि रुदेंकोला ४.५ गुण मिळाले. एकूण २४ गुण, म्हणजे प्रत्येक जोडीत आठ डाव झाले हे केवळ बेरजेवरून ओळखता येते. अर्ध्या गुणाने गेलेला किताब बिकोवाने १९५८ च्या लढतीत ८.५–५.५ असा परत मिळवला आणि गमावलेले जगज्जेतेपद पुन्हा जिंकणारी ती पहिली महिला ठरली. रुब्त्सोवा पुढे पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात महिलांची पहिली जगज्जेती झाली. दोन्ही प्रकारांतील ही दोन नावे एकच व्यक्ती आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

गुणसंख्येवरून लढतीचे स्वरूप कसे काढावे, हे १९६२ च्या लढतीवर शिकावे. २१ वर्षांच्या नोना गाप्रिंदाश्विलीने बिकोवाला ९–२ असे हरवले. एकूण ११ डाव झाले. बिकोवाने एकही डाव जिंकला नाही, तिचे दोन गुण चार बरोबऱ्यांचे आहेत. म्हणजे उरलेले सातही डाव गाप्रिंदाश्विलीने जिंकले. लढत १६ डावांची ठरली होती आणि निम्म्याहून अधिक गुण झाले की ती संपत असे. मग विजेतीचे गुण ८.५ ऐवजी ९ का? कारण दहाव्या डावाअखेर ८–२ अशी स्थिती होती, तिला केवळ अर्ध्या गुणाची गरज होती आणि तिने अकरावा डाव बरोबरीत न सोडवता जिंकला. एका ओळीच्या निकालातून खेळाडूचा स्वभावही असा डोकावतो.

याच्या नेमक्या उलट टोकाला १९७२ ची लढत आहे. अल्ला कुश्नीरविरुद्ध गाप्रिंदाश्विली ८.५–७.५ अशी जिंकली, म्हणजे ठरलेले सर्व १६ डाव खेळावे लागले. कुश्नीर १९६५, १९६९ आणि १९७२ अशी सलग तीनदा आव्हानवीर झाली आणि तिन्ही वेळा हरली. जगज्जेत्यांच्या यादीत तिचे नाव कुठेच नाही, आणि माझ्या मते त्या यादीची ही सर्वांत मोठी उणीव आहे. विजेत्यांच्या शेजारी आव्हानवीराचे नाव लिहिले नाही तर सात-आठ वर्षे जगातील दुसऱ्या क्रमांकाची ताकद असलेली खेळाडू इतिहासातून पुसली जाते. नाना अलेक्झांड्रियाचेही तसेच. ती १९७५ मध्ये ३.५–८.५ अशी हरली, पण १९८१ मध्ये तिने माया चिबुर्दानिद्झेला ८–८ असे रोखले. बरोबरी झाली तर किताब जगज्जेतीकडे राहतो या नियमामुळे अलेक्झांड्रिया न हरताही जगज्जेती झाली नाही. अशा ठिकाणी गुणांच्या रकान्यात नियमाची टीप लिहिणे आवश्यक आहे.

१९७८ मध्ये पित्सुंदा येथे १७ वर्षांच्या चिबुर्दानिद्झेने गाप्रिंदाश्विलीचे सोळा वर्षांचे राज्य ८.५–६.५ असे संपवले. १९६२ ते १९९१ ही एकोणतीस वर्षे किताब या दोघींकडे, म्हणजे जॉर्जियाकडे राहिला, आणि अलेक्झांड्रिया व १९८८ ची आव्हानवीर नाना इओसेलियानी याही जॉर्जियाच्याच. एवढ्या लहान प्रदेशातून एवढ्या खेळाडू कशा निघाल्या, याचे उत्तर शोधताना ‘बुद्धिबळ त्यांच्या रक्तात आहे’ अशा वाक्यावर थांबू नये. तेथे मुलींना लहानपणीच हाती घेणारे वाख्तांग कार्सेलाद्झेंसारखे प्रशिक्षक होते, गाप्रिंदाश्विलीच्या यशानंतर राजधानी तिबिलिसीत तिच्या नावाने बुद्धिबळाचे भव्य सभागृह उभे राहिले आणि पुढच्या पिढीतील मुलींना आपल्याच गल्लीतली जगज्जेती डोळ्यांसमोर दिसत होती. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर स्वतंत्र देश म्हणून १९९२ च्या मनिला ऑलिम्पियाडमध्ये उतरताच जॉर्जियाच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. तक्त्यातील नुसत्या नावांवरून न दिसणारी ही खोली अशा सांघिक निकालांत दिसते, म्हणून १९५७ मध्ये एमेन येथे सुरू झालेल्या महिला ऑलिम्पियाडचे निकाल सोबत ठेवावेत.

१९९१ मध्ये मनिलाच्याच लढतीत शिए जूनने चिबुर्दानिद्झेला ८.५–६.५ असे हरवले. मेंचिकनंतर सोव्हिएत संघाबाहेरची ही पहिली जगज्जेती. तिची सुरुवात चिनी बुद्धिबळापासून झाली होती. येथून चीनचा काळ सुरू होतो असे लिहिण्याची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे, कारण १७ जगज्जेत्यांपैकी शिए जून, झू चेन, शू युहुआ, हौ यिफान, टॅन झोंगयी आणि जू वेनजून या सहा जणी चीनच्या आहेत.

१९९९ ची नोंद लिहिताना

१९९६ मध्ये स्पेनमधील हाएन येथे हंगेरीच्या सुझन पोल्गारने शिए जूनला ८.५–४.५ असे हरवले. मार्च १९९९ मध्ये तिला मुलगा झाला. त्याच सुमारास फिडेने तिची पुढची लढत ठरवली, तिने प्रसूतीनंतर सावरण्यासाठी पुरेसा अवधी मागितला, तो मान्य झाला नाही, आणि तिच्याऐवजी शिए जून व अलिसा गालियामोवा यांच्यात किताबाची लढत खेळवण्यात आली. शिए जून ८.५–६.५ अशी जिंकली. याद्यांमध्ये १९९६ पोल्गार, १९९९ शिए जून अशा दोन ओळी एकाखाली एक येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की शिए जूनने परतफेड केली. प्रत्यक्षात त्या वर्षी दोघी पटावर समोरासमोर आल्याच नाहीत. गैरहजर हा रकाना का हवा, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

बाद पद्धतीचा काळ

२००० मध्ये नवी दिल्लीत पहिल्यांदा बाद पद्धतीने स्पर्धा झाली. ६४ खेळाडू, सहा फेऱ्या, बहुतेक फेऱ्यांत दोन-दोन डाव, आणि बरोबरी झाल्यास जलद डाव. पहिल्या वर्षी शिए जूनच जिंकली, पुढे मॉस्को २००१ मध्ये झू चेन, एलिस्ता २००४ मध्ये अंतोआनेता स्तेफानोवा, येकातेरिनबर्ग २००६ मध्ये शू युहुआ आणि नालचिक २००८ मध्ये कोस्तेन्युक. शू युहुआ ती स्पर्धा जिंकली तेव्हा गरोदर होती. १९९९ च्या नोंदीशेजारी ही नोंद ठेवून पाहावी.

बाद पद्धतीत विद्यमान जगज्जेतीला फारसे संरक्षण नसते. एक वाईट दिवस आला की दोन डावांत सारे संपते. त्यामुळे या काळातील विजेतीची तुलना गाप्रिंदाश्विलीच्या सोळा वर्षांशी करणे म्हणजे शर्यतीतल्या धावपटूची तुलना कुस्तीतल्या मल्लाशी करण्यासारखे आहे. दोघांनाही ताकद लागते, पण ती एकाच प्रकारे मोजता येत नाही.

२०१० ते २०१८ हा तुकडा सर्वांत गोंधळाचा. बाद स्पर्धा आणि लढत यांचा आलटून पालटून वापर झाला, आणि परिणाम काय झाला हे हौ यिफानच्या नोंदी सलग लावल्या की दिसते. २०१० मध्ये हाताय येथे बाद स्पर्धा जिंकून ती १६ व्या वर्षी जगज्जेती झाली. २०११ मध्ये तिराना येथे तिने कोनेरू हम्पीला लढतीत ५.५–२.५ असे हरवले. २०१२ ची बाद स्पर्धा ती दुसऱ्याच फेरीत हरली आणि आन्ना उशेनिना जगज्जेती झाली. २०१३ मध्ये तिने उशेनिनाला लढतीत ५.५–१.५ असे हरवले. २०१५ च्या बाद स्पर्धेत ती उतरली नाही, मारिया मुझिचुक जिंकली. २०१६ मध्ये तिने मुझिचुकला लढतीत ६–३ असे हरवले. २०१७ च्या तेहरान स्पर्धेपासून ती या पद्धतीला कंटाळून दूर राहिली, आणि टॅन झोंगयी जिंकली. तिन्ही लढती ती जिंकली आणि त्यांत तिने एकही डाव गमावला नाही. किताब तिच्या हातून गेला तो दरवेळी बाद स्पर्धेत. यादीत मात्र हौ, उशेनिना, हौ, मुझिचुक, हौ अशी नावे दिसतात आणि जणू काही तिघी तुल्यबळ खेळाडूंमध्ये रस्सीखेच चालली होती असा समज होतो.

तेहरानच्या स्पर्धेतील गैरहजेरीची कारणे एकापेक्षा अधिक होती. हौ यिफानचा आक्षेप पद्धतीला होता, तर अमेरिकेच्या नाझी पैकिद्झेने हिजाबच्या सक्तीमुळे जाण्यास नकार दिला. दोन्हींची नोंद वेगवेगळी करावी.

२०१८ मध्ये जू वेनजूनने टॅन झोंगयीला ५.५–४.५ असे हरवले आणि त्याच वर्षी खांती-मान्सीस्कची बाद स्पर्धाही जिंकली. त्यानंतर फिडेने बाद स्पर्धेला जगज्जेतेपदापासून वेगळे काढले आणि २०१९ पासून पुन्हा आव्हानवीरांची कँडिडेट्स स्पर्धा आणि मग लढत असा क्रम सुरू झाला. म्हणून खांती-मान्सीस्कची नोंद अनेक अर्थांनी सीमारेषेवरची आहे. जूने पुढे अलेक्सांद्रा गोर्याच्किनाला २०२० मध्ये ६–६ बरोबरीनंतर जलद डावांत, लेई टिंगजीला २०२३ मध्ये ६.५–५.५ असे आणि टॅन झोंगयीला २०२५ मध्ये ६.५–२.५ असे हरवले.

किताब, पदवी आणि मानांकन यांची गल्लत टाळावी

जगज्जेतेपद वेगळे, ग्रँडमास्टर ही पदवी वेगळी आणि मानांकन, म्हणजे निकालांवरून काढलेला खेळाडूच्या ताकदीचा आकडा, वेगळे. त्यातही महिला ग्रँडमास्टर ही १९७६ मध्ये सुरू झालेली स्वतंत्र पदवी आहे आणि तिच्यासाठी २३०० मानांकन लागते, तर स्त्री-पुरुष दोघांसाठी असलेल्या ग्रँडमास्टर पदवीला २५००. ‘पहिली महिला ग्रँडमास्टर’ असे मोघम लिहिलेले वाक्य म्हणूनच निरुपयोगी ठरते. १९७७ च्या लोन पाइन स्पर्धेत संयुक्तपणे पहिली आल्यावर १९७८ मध्ये गाप्रिंदाश्विलीला ग्रँडमास्टर पदवी देण्यात आली आणि ती मिळवणारी ती पहिली महिला ठरली. ठरलेले निकष आणि मानांकन रीतसर पूर्ण करून १९९१ मध्ये ही पदवी मिळवणारी पहिली महिला सुझन पोल्गार. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणते लिहायचे ते वाक्यात स्पष्ट करावे.

मानांकनांची जुनी यादी वाचताना जानेवारी १९८७ पाशी थांबावे. सुझन पोल्गार वगळता सर्व महिला खेळाडूंच्या मानांकनात १०० गुण वाढवण्यात आले होते. महिला बहुतांशी आपसातच खेळतात म्हणून त्यांचे मानांकन कमी राहते, तर पोल्गार पुरुषांशी खेळते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. परिणामी तिचे अव्वल स्थान गेले. युक्तिवादात तथ्य किती होते यावर मतभेद असू शकतात, पण या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे थेट शेजारी ठेवू नयेत.

आणि मग सुझनची धाकटी बहीण ज्युडिट पोल्गार. १९८९ पासून २०१४ मधील निवृत्तीपर्यंत ती जवळपास सतत महिलांमध्ये अव्वल होती, तिचे सर्वोच्च मानांकन २७३५ होते आणि खुल्या, म्हणजे स्त्री-पुरुष सर्वांच्या, क्रमवारीत ती आठव्या स्थानापर्यंत पोहोचली. ती महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधीच खेळली नाही. २००५ मध्ये सान लुइस येथे ती थेट खुल्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत उतरली. तेव्हा १९९१ पासून तिच्या निवृत्तीपर्यंतच्या प्रत्येक ओळीत गैरहजर रकान्यात तिचे नाव लिहावे लागते. त्या काळातील जगज्जेत्यांचे कर्तृत्व त्यामुळे खोटे ठरत नाही, पण ‘जगातील सर्वोत्तम महिला खेळाडू’ हे शब्द त्यांच्यासाठी वापरता येत नाहीत.

डाव लावून पाहावेत

निकालांचा तक्ता पुरा झाल्यावर पट मांडावा. प्रत्येक कालखंडातील दोन-तीन डाव पुरेत, मात्र ते निवडताना केवळ विजेतीचे चमकदार डाव घेऊ नयेत. मेंचिकचा सेमेरिंगमधील एखादा विजय आणि त्याच लढतीत तिने गमावलेला एखादा डाव असे दोन्ही पाहिले की तिची शांत, स्थितीवर भर देणारी शैली आणि ग्राफचा हल्लेखोरपणा यांतला फरक समजतो. गाप्रिंदाश्विलीसाठी जगज्जेतेपदाबाहेर जावे: १९७४ मध्ये डॉर्टमुंडला सर्वाती या पुरुष खेळाडूविरुद्ध तिने वजिराचा बळी देऊन जिंकलेला डाव सतरा खेळ्यांतच संपतो. खेळी वाचण्याआधी हाताने पान झाकून आपण काय खेळलो असतो ते ठरवावे. संगणकाचे मूल्यमापन अगदी शेवटी पाहावे, नाहीतर १९३७ च्या खेळाडूचे मोल आजच्या यंत्राच्या दशांश चिन्हांत मोजले जाते.

वर्तमानपत्रे, मालिका आणि चित्रपट यांतील विधाने मूळ निकालांशी ताडून पाहणे इतर कोणत्याही विषयापेक्षा येथे अधिक गरजेचे आहे. २०२० मध्ये जगभर गाजलेल्या एका मालिकेत गाप्रिंदाश्विली कधीच पुरुषांशी खेळली नाही असा संवाद होता. मालिकेतला तो प्रसंग १९६८ चा, आणि तोपर्यंत ती डझनावारी पुरुष खेळाडूंशी खेळलेली होती. तिने दावा केला आणि २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. स्पर्धांचे जुने निकालतक्ते कोणीही चाळले असते तर ते वाक्य लिहिलेच गेले नसते.

तक्ता चालू ठेवायचा असेल तर पुढील नोंदी कोठून येतात हे माहीत हवे. महिला विश्वचषक, ग्रांप्री मालिका आणि ग्रँड स्विस या स्पर्धांतून खेळाडू कँडिडेट्सला पात्र ठरतात. तेथे साधारणपणे आठ जणींची दुहेरी साखळी, म्हणजे प्रत्येकी १४ डाव होतात, आणि विजेती जगज्जेतीशी १२ डावांची लढत खेळते. २०२२–२३ च्या चक्रात मात्र कँडिडेट्स दोन गटांत बाद पद्धतीने झाली होती. २०२५ चा विश्वचषक बातुमीत झाला, अंतिम फेरीत दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांत, हरवले, त्या विजयाने दिव्याला ग्रँडमास्टर पदवी मिळाली आणि दोघीही कँडिडेट्सला पात्र ठरल्या. या विजयानंतर अनेक ठिकाणी दिव्याला ‘जगज्जेती’ म्हटले गेले. विश्वचषक विजेती ही आज आव्हानवीर होण्याच्या मार्गावरची एक पायरी चढलेली असते. २०१८ पर्यंतची अशीच बाद स्पर्धा जिंकणारी मात्र थेट जगज्जेती होत असे. त्यामुळे विश्वचषकाचा निकाल मुख्य तक्त्यात न लिहिता पात्रतेच्या वेगळ्या पानावर लिहावा.